बोलणं कामाच्याच पानावर

उधना, सुरत
धनत्रयोदशी

चि. भाचीस,

तुझा निरोप मिळाला. कारखान्यातले व्हॉट्सअ‍ॅपचे गट, लॉटची वही, डिझाइनची कामं आणि पार्टीशी, म्हणजे काम देणाऱ्या व्यापाऱ्याशी, होणारं बोलणं, हे सगळं एकाच अ‍ॅपमध्ये आणावं असं तुझ्या मनात आहे. तुझ्या धाकट्या भावाचं म्हणणं असं की आहे ते बरं चाललंय, नवा खर्च आणि नवी डोकेदुखी कशाला. दाजींनी निर्णय तुम्हा दोघांवर सोडलाय, म्हणून तू मला विचारतेस की घेऊ का, आणि घेतलं तर कोणतं घेऊ.

घे, बेटा. पण कशासाठी घ्यायचं ते मनात पक्कं कर, कारण वापर कसा होईल हे त्यावरच ठरतं. विकणारे सांगतील की वेळ वाचेल, काम झपाट्याने होईल. थोडं होईलही. मला त्याहून मोठं कारण दिसतं. आपल्या धंद्यात निरोप हरवला की नुकसान कुणाच्या तरी अंगावर येतं, आणि बहुतेक वेळा ते साखळीतल्या शेवटच्या, सर्वांत कमी कमावणाऱ्या माणसावर येतं. त्याच्या मजुरीत कपात होते. कोण काय बोललं होतं ते त्याला दाखवता येत नाही, म्हणून तो गप्प बसतो. बोलणं आणि काम एका जागी ठेवणं हा माझ्या लेखी आधी न्यायाचा प्रश्न आहे, सोयीचा नंतर.

साडीचा प्रवास तुझ्या डोळ्यांसमोर रोज घडतो, तरी एकदा सलग आठवून पाहा. पांडेसरा, सचिन, लिंबायतच्या मागांवर कोरं कापड निघतं. व्यापारी ते ताक्यांनी मिलमध्ये पाठवतो आणि सोबत प्रोग्राम देतो: कोणत्या ताक्याला कोणता रंग, कोणती छपाई. रंगून आलेला माल तुझ्या मशिनांवर भरतकामाला येतो. तुझ्याकडून तो टिकल्या लावायला लिंबायत-डिंडोलीतल्या घरोघरी जातो, परत येतो, लेस लागून घडी होते, रिंगरोडच्या दुकानात पोचतो आणि तिथून पार्सल होऊन देशभर जातो. प्रत्येक वळणावर मालाबरोबर चलान असतं. बोलणं मात्र मालाबरोबर जात नाही. ते दहा फोनांत विखुरलेलं राहतं.

समज, रात्री दहा वाजता पार्टीचा आवाजी निरोप येतो: पदराला राणी लेस नको, मरून लावा. तो धाकट्याच्या फोनवर येतो, धाकटा गटात पुढे पाठवतो. मागोमाग कुणी सुट्टी मागतं, कुणी पेमेंटचा फोटो टाकतं, कुणी गावच्या लग्नाचा व्हिडिओ. रात्रपाळीच्या पोराने तो निरोप ऐकलेलाच नसतो. सकाळी सगळा लॉट राणी लेस लावून तयार असतो आणि पार्टी माल परत करते. मग सुरू होतं ते आपल्या ओळखीचं: मी सांगितलं होतं, मला कुणी बोललं नाही, गटात टाकलं होतं. पांडेसऱ्याच्या मिलमध्ये प्रोग्रामच्या टेबलावर मी उमर काढली. तिथे जी भांडणं पाहिली त्यांतली थोडीच कापडाच्या दोषावरून होती. बाकीची शेवटचा शब्द कुणाचा होता यावरून होती.

जुन्या पेढ्यांनी या अडचणीवर उपाय शोधलेला होता. पेढीवर दोन वह्या असत. रोजकीर्दीत दिवसभरात जे घडलं ते घडलं त्या क्रमाने उतरे. खतावणीत तेच ज्याच्या त्याच्या खात्यावर बसे. मुनीम कीर्दीतली प्रत्येक नोंद खतावणीत नेई आणि तिच्यासमोर खातेपान लिही, म्हणजे खात्यावरून कीर्दीकडे आणि कीर्दीवरून खात्याकडे केव्हाही जाता येई. इथले गुजराती व्यापारी रोजमेळ आणि खातावही म्हणतात, रीत तीच. आपलं चॅट ही रोजकीर्द आहे. लॉटची वही ही खतावणी आहे. कीर्द रोज भरभरून लिहिली जाते, खतावणी वेगळ्याच माणसाच्या हाती असते, आणि दोघींमधलं खातेपान लिहिणारा मुनीम आज कुणाकडेच नाही. तू जे अ‍ॅप घ्यायचं म्हणतेस त्याचं खरं काम एवढंच आहे. बोलणं मुळातच खात्याच्या पानावर व्हावं, म्हणजे ते नंतर उतरवून घेण्याची वेळच येऊ नये. बाकीची बटणं असली काय आणि नसली काय.

निवृत्तीनंतर या विषयावर वाचताना एका माणसाची ओळख झाली, ती तुलाही करून देतो. फर्नांडो फ्लोरेस हे दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात अध्यक्ष आयेंदे यांच्या सरकारात मंत्री होते. देशातले कारखाने टेलेक्सच्या तारांनी जोडून त्यांची रोजची माहिती राजधानीत एका जागी आणायचा जो प्रयोग तिथे झाला, त्यामागे ते होते. १९७२ मध्ये मालमोटारींच्या मालकांनी संप केला तेव्हा माल कुठे अडलाय आणि कोणती गाडी मोकळी आहे, हे सरकारने त्याच तारांवरून जुळवलं. १९७३ मध्ये लष्कराने सत्ता घेतली आणि फ्लोरेस तीन वर्षं कैदेत राहिले. पुढे अमेरिकेत जाऊन ते याच प्रश्नाचा अभ्यास करत राहिले. टेरी विनोग्राड यांच्याबरोबर लिहिलेलं त्यांचं पुस्तक १९८६ मध्ये आलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: माणसं एकत्र काम करतात ती बोलण्यातूनच, आणि कामाच्या बोलण्याला चार पायऱ्या असतात. एक जण मागणी करतो. दुसरा ती कबूल करतो, किंवा नाकारतो, किंवा बदलून मागतो. काम झालं की तो तसं कळवतो. आणि मागणाऱ्याने पाहून पसंत केलं की ते बोलणं पुरं होतं.

या चार पायऱ्या तुझ्या कारखान्यावर लावून बघ. गटात मागणी होते, ती मोठ्या आवाजात. कबुलीच्या जागी अंगठ्याचं चिन्ह येतं, आणि त्याचा अर्थ वाचलं, की करतो, की नुसतंच बरं, हे कुणालाच माहीत नसतं. काम झाल्याचं फोनवर तोंडी कळवलं जातं. पसंती तर कुणी लिहीतच नाही, म्हणून तीन महिन्यांनी पार्टी म्हणू शकते की माल आम्हाला पसंतच नव्हता. चारपैकी एकच पायरी लिहिलेली आणि तीन हवेत. नव्या पद्धतीत प्रत्येक लॉटवर चारही पायऱ्या दिसल्या पाहिजेत. अंगठा चालणार नाही. "मी करतो, गुरुवारपर्यंत" एवढे शब्द हवेत, आणि कबुली देणारा एकच माणूस हवा. चौघांना सांगितलेलं काम कुणालाच सांगितलेलं नसतं.

आता बांधणीचं सांगतो. अ‍ॅप घेतल्याबरोबर लोक खात्यांप्रमाणे खोल्या पाडतात: डिझाइनचा गट, मशिनचा गट, पॅकिंगचा गट. तू तसं करू नकोस. माल खात्यात थांबत नाही, तो खात्यांमधून जातो. म्हणून पान लॉटचं असू दे. पार्टीचं नाव, डिझाइन नंबर आणि लॉट नंबर हे त्याचं शीर्षक. वर कायम दिसतील अशा चार गोष्टी: पसंत झालेल्या नमुन्याचा फोटो, मॅचिंगची यादी, ताके किंवा नग आणि चलान नंबर, देण्याची तारीख. त्याखाली बोलणं. डिझाइनवाला, मशिनवाला, लेसवाली, पॅकिंगवाला, ज्याला त्या लॉटबद्दल काही बोलायचं त्याने तिथेच बोलावं. पार्टीचा फोन धाकट्याला आला तर त्याने बोलणं संपताच त्या पानावर एक ओळ टाकावी: पदराची लेस राणीऐवजी मरून, पार्टीने आज फोनवर सांगितलं. निर्णय ज्याने घेतला किंवा ऐकला त्यानेच लिहायचा. दुसऱ्याने लिहिलेला निर्णय म्हणजे पुन्हा ऐकीव बातमी.

एक सार्वजनिक गट मात्र जरूर ठेव. वीज गेली, चहा आला, कुणाच्या घरी बारसं आहे, कुणाला गावी जायला तिकीट मिळालं नाही, हे बोलायलाही माणसांना जागा लागते. ती जागा काढून घेतलीस तर या गप्पा लॉटच्या पानावर येतील. त्या गटात कामाचा निर्णय कुणी टाकला तर रागावू नकोस. तो उचलून त्याच्या पानावर ने आणि गटात लिही की तिकडे नेलं. महिनाभर तू हे न कंटाळता केलंस तर माणसं आपण होऊन तिकडेच लिहू लागतील.

भाषेचा विचार आधीच करून ठेव. तुझ्या मशिनांवर ओडिशाच्या गंजामची मुलं आहेत, घडी घालणारे आपले खानदेशी, डिझाइनवाले गुजराती, पार्टी मारवाडी. प्रत्येकाने लिहूनच सांगावं हा हट्ट चालणार नाही. ज्याला लिहिता येत नाही किंवा आवडत नाही त्याला आवाजी निरोप टाकू दे. फक्त त्या निरोपाखाली पाळीच्या सुपरवायझरने एका ओळीत त्याचं सार लिहावं, कारण आवाज शोधता येत नाही आणि ओळ सापडते. आकडे सगळ्यांनी इंग्रजीच लिहावेत. आपला चार घाईत इंग्रजी आठसारखा वाचला जातो आणि आपला एक नऊसारखा. डिझाइन नंबरात एवढी चूक झाली की अख्खा लॉट वाया जातो.

रंगाच्या बाबतीत फोनवर विसंबू नकोस. एकच फोटो दोन फोनांवर दोन छटांचा दिसतो. शिवाय ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन रंग उन्हात नेल्यावर वेगळे निघू शकतात, म्हणून मिलच्या प्रयोगशाळेत ठरावीक प्रकाशाच्या पेटीत धरून शेड बघतात. फोटो ओळख पटवायला आहे, पसंतीला नाही. पसंत झालेल्या कापडाच्या कातरणीला नंबर दे, ती कातरण फाइलला लाव आणि पानावर तो नंबर लिही. रामा म्हटलं की प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर वेगळा हिरवा येतो, कातरणीचा नंबर मात्र सगळ्यांना एकच असतो.

पाळी बदलते ती घटका सर्वांत नाजूक. दिवसपाळीचा माणूस थकलेला असतो, रात्रपाळीचा अजून डबा ठेवत असतो, आणि सगळं तोंडी होतं. इथे नियम कडक ठेव. जाणाऱ्याने प्रत्येक चालू लॉटवर एक ओळ टाकल्याशिवाय जायचं नाही: किती झालं, काय अडलं, पुढे काय. येणाऱ्याने ती वाचून "घेतलं" लिहिल्याशिवाय मशीन सुरू करायचं नाही. पहिल्या आठवड्यात कुरकुर होईल. रात्री दोन वाजता तुला येणारे फोन कमी झाले की कुरकुर करणाऱ्यांनाही फरक कळेल.

आता पैशाचं. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे नोंदणीकृत छोट्या उद्योगाचं बिल, करारात मुदत लिहिली असेल तर त्या मुदतीत पण ४५ दिवसांच्या आत, आणि लेखी करार नसेल तर १५ दिवसांच्या आत चुकतं व्हायला हवं. २०२४ च्या सुरुवातीला रिंगरोडवर जो गलका उठला होता तो याचाच. अशा बिलाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर ते देईपर्यंत तो खर्च प्राप्तिकरात धरता येणार नाही, असा नियम तेव्हा लागू झाला होता. या कायद्यातला एक बारकावा तुझ्या प्रश्नाशी थेट जोडलेला आहे. मुदत माल स्वीकारल्या दिवसापासून मोजतात. माल पोचल्यापासून १५ दिवसांत घेणाऱ्याने लेखी हरकत घेतली, तर हरकत दूर झाल्याचा दिवस स्वीकाराचा धरतात. हरकत घेतलीच नाही, तर माल पोचला तो दिवस. म्हणजे हरकत कधी आली आणि कधी मिटली, या दोन तारखांवर तुझे पैसे अडतात किंवा सुटतात. या तारखा आज गटातल्या शुभ सकाळच्या फुलांखाली गाडलेल्या आहेत. लॉटच्या पानावर त्या दिसल्या तर पार्टीशी बोलताना आवाज चढवावा लागणार नाही. तू ज्यांना काम देतेस त्यांच्या बाबतीतही हाच कायदा लक्षात ठेव. त्यांची बिलं याच पानांवरून वेळेत निघाली पाहिजेत. एवढंच की अ‍ॅपवरची नोंद चलानाच्या किंवा बिलाच्या जागी येत नाही. कागद रीतसर बनवायचेच. पान त्या कागदांमागची हकीकत सांगतं.

अधिकाराचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्यासाठी आपल्याच शहराचा दाखला देतो. सप्टेंबर १९९४ मध्ये इथे प्लेग आला. माणसं मिळेल त्या गाडीने सुरत सोडून पळाली, त्यात आपल्या खानदेशची कितीतरी कुटुंबं उधन्याहून गाडीत बसली. त्या वेळी शहर कचऱ्याने भरलेलं होतं. १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त म्हणून आले. त्यांनी शहराचे सहा विभाग केले आणि विभागप्रमुखांना स्वतःचे अधिकार वाटून दिले. सकाळी अधिकारी रस्त्यावर, मग सगळे एका बैठकीत, आणि जे पाहिलं त्यावर तिथेच निर्णय. फाइल वर जाऊन परत खाली येण्याची वाट कुणी पाहायची नाही. महापालिकेतली माणसं तीच होती. काम जिथे दिसतं तिथेच ते ठरवण्याचा अधिकार आला, आणि ठरलेलं सगळ्यांसमोर आलं. हे शहर बदललं, आणि २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरच्या बरोबरीने देशात पहिलं आलं. अनेक वर्षं अनेकांनी राबून हे साधलं, पण सुरुवात त्या बदलाने झाली.

तुझ्या कारखान्यात याचा अर्थ असा. पान सगळ्यांना दिसतंय पण प्रत्येक होकार तुझाच लागतोय, असं झालं तर तू फक्त रांग एका ठिकाणाहून दुसरीकडे नेलीस. रात्रपाळीच्या सुपरवायझरला लॉट थांबवण्याचा अधिकार दे. शंका आली तर मशीन बंद करून पानावर कारण लिहायचं, आणि त्याबद्दल सकाळी त्याला कुणी बोलायचं नाही. किती रकमेपर्यंतचा निर्णय त्याने घ्यायचा हे आकड्यात लिहून दे. माहिती सर्वांना आणि अधिकार एकालाच असं ठेवलंस तर माणसं माहिती वाचणं सोडतात.

याच्या उलट धोकाही आहे. फ्लोरेस यांच्या विचारावर त्या काळी एक संगणक-प्रणाली बनली होती, तिचं नाव कोऑर्डिनेटर. तिच्यात प्रत्येक निरोपाला आधी शिक्का मारावा लागे: ही मागणी, हे वचन, ही कबुली. ल्यूसी सचमन या मानवशास्त्रज्ञ बाईंनी १९९४ मध्ये तिच्यावर कडक टीका केली. माणसांचं बोलणं असं ठरीव कप्प्यांत कोंबणं म्हणजे त्यांच्यावर शिस्त लादणं आणि नजर ठेवणं, असा त्यांचा आक्षेप होता. तो मला पटतो. चार पायऱ्या तू मनात ठेव, पण माणसांना बोलताना अडवू नकोस. कोण किती वाजता ऑनलाइन होता, कुणी किती मिनिटांनी उत्तर दिलं, हे आकडे बरीच अ‍ॅपं दाखवतात. ते बघू नकोस, आणि कुणाला त्यावरून बोलू तर मुळीच नकोस. ज्या दिवशी कारागिराला वाटेल की हे पान त्याच्यावर पहारा ठेवण्यासाठी आहे, त्या दिवसापासून तो खरं लिहिणं बंद करील. मशीन बिघडलं हे तो लपवील. मग तुझ्याकडे सुंदर पानं असतील आणि खोटी माहिती. पाळी संपल्यावर कुणाचा फोन वाजता कामा नये, हाही नियम तूच घालून दे आणि तूच आधी पाळ.

लिंबायत-डिंडोलीत घरी बसून टिकल्या लावणाऱ्या बायांबद्दल वेगळं सांगतो. त्यांना अ‍ॅप घ्यायला लावू नकोस. घरात फोन एक, तो नवऱ्याकडे किंवा पोराकडे, रिचार्जचा खर्च अंगावर. माल पोचवणाऱ्या तुझ्या माणसाने त्यांच्या वतीने पानावर लिहावं: किती नग दिले, दर काय ठरला, कधी न्यायचे. आणि तेच त्याच वेळी त्या बाईच्या स्वतःच्या छोट्या वहीत लिहून तिच्या हाती द्यावं. माल परत घेताना दोन्हीकडचे आकडे तिच्यासमोर मिळवावेत. सगळी माहिती तुझ्याच यंत्रात राहिली आणि तिच्या हाती काहीच नाही, असं झालं तर तू पद्धत सुधारलीस पण तिचं बळ कमी केलंस. दर बदलायचा असेल तर काम देण्याआधी लिही. काम आल्यावर बदललेला दर कोणत्याही पानावर लिहिला तरी अन्यायच.

कपातीबद्दलही हेच. कुणाची मजुरी कापायची वेळ आली तर आधी त्या लॉटचं पान उघड, त्या माणसाला शेजारी खुर्ची दे आणि वरून खालपर्यंत दोघं मिळून वाचा. चूक त्याची असेल तर तो स्वतः मान्य करील. निरोप त्याच्यापर्यंत पोचलाच नव्हता असं दिसलं तर नुकसान कारखान्याने सोसायचं. पान न वाचता एकही कपात होणार नाही, हे सगळ्यांसमोर जाहीर कर. तेवढ्या एका वचनावर माणसं या पद्धतीवर विश्वास ठेवतील.

कोणतं अ‍ॅप, हा तुझा प्रश्न मुद्दाम शेवटी घेतला. स्लॅक आहे, मायक्रोसॉफ्टचं टीम्स आहे, आपल्याकडच्या झोहो कंपनीचं क्लिक आणि प्रोजेक्ट्स आहे. बेसकॅम्प तर २००४ पासून कामाची यादी आणि चर्चा एका जागी ठेवतंय. नावापेक्षा काही गोष्टी तपास. स्वस्त फोनवर आणि कारखान्याच्या तळमजल्यातल्या अशक्त नेटवर्कवर चालतं का. देवनागरी आणि गुजराती दोन्ही नीट दिसतात का आणि शोधल्यावर सापडतात का. पार्टीच्या माणसाला फक्त त्याच्या लॉटच्या पानावर पाहुणा म्हणून घेता येतं का. पैसे माणशी घेतात की सरसकट, कारण हंगामात तुझी माणसं वाढतात. आणि उद्या सोडायचं ठरलं तर सगळ्या नोंदी उतरवून घेता येतात का. फुकट मिळतं ते जपून घे. उदाहरणार्थ, स्लॅकच्या फुकट आवृत्तीत ९० दिवसांपलीकडचं बोलणं दिसत नाही. आपल्याकडे माल चार महिन्यांनीही परत येतो, मग नेमकं हवं तेव्हाच पान कोरं. खातं कारखान्याच्या नावाने उघड, कुणाच्या खासगी नंबरावर नको. आज तुमच्या निम्म्या कामाची माहिती माणसांच्या स्वतःच्या फोनांत आहे, आणि माणूस नोकरी सोडतो तेव्हा ती त्याच्याबरोबर जाते.

सुरुवात लाभपंचमीला कर. मशिनं सुरू होतील, गावाहून कारागीर परततील, पेढ्यांवर नव्या वह्या उघडतील. सगळा कारखाना एकदम हलवू नकोस. एकच पार्टी निवड, जिच्याशी तुमचं बोलणं मोकळं आहे, आणि तिचे लॉट तेवढे पानांवर घे. बाकी गट चालू दे. पुढच्या पौर्णिमेपर्यंत जमलं की दुसरी पार्टी. जमलंय की नाही हे ओळखायची माझी कसोटी साधी आहे. रात्रपाळीला आलेल्या नव्या माणसाला तुला किंवा धाकट्याला फोन न करता सांगता आलं पाहिजे की या लॉटचं काय ठरलंय, कुणी ठरवलंय आणि आता काय करायचंय. सांगता आलं तर पुढे जा. नाही आलं तर अ‍ॅप बदलण्याआधी नियम तपास.

आणि धाकट्याला या कामात विरोधी पक्ष समजू नकोस. पार्टीचे फोन त्याच्याकडे येतात, दलालांशी बोलणं त्याचं, शब्द त्याचा. त्याने पानावर लिहिलं नाही तर बाकी सगळ्यांनी लिहूनही वही अर्धीच राहील. त्याला खर्चाची भीती आहे ती रास्त आहे. मागच्या वर्षी परत आलेला माल आणि त्यातला किती निव्वळ निरोप न पोचल्याने आला, ही यादी तुम्ही दोघं सुट्टीत बसून काढा. तोही तुझ्याइतकाच हिशेबी आहे, यादी पाहून त्याचं त्यालाच कळेल. पहिली पार्टी त्याला निवडू दे आणि पहिल्या लॉटचं पान त्याच्या हातून उघड.

अक्काला आणि दाजींना नमस्कार सांग.

तुझा,
मामा